काळ : द्रव्य की व्यवहार? गुरुत्वाकर्षणाच्या शास्त्रातील एका अनिर्णित प्रश्नाचा इतिहास

बार्शीटाकळी हे वऱ्हाडातील एक प्राचीन गाव होय. येथील कालंका देवीच्या हेमाडपंती मंदिरातील शिलालेख शके १०९८, दुर्मुख संवत्सराचा आहे. इसवी सनाच्या गणनेने ते वर्ष ११७६-७७ येते. लेख कोरविणाऱ्याने काळाची नोंद दोन रीतींनी ठेवली. एक रीत सतत वाढत जाणाऱ्या आकड्याची, तर दुसरी साठ वर्षांनी पुन्हा फिरून येणाऱ्या संवत्सराच्या नावाची. आठ शतकांहून अधिक काळानंतर आजचा अभ्यासक या दोन नोंदी एकमेकींशी ताडून पाहतो आणि त्या जुळतात तेव्हाच तिथीबद्दल निःशंक होतो.

काळ मोजण्याच्या अशा अनेक रीती जैन व्यापारी घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या एकत्र नांदत आल्या आहेत. धर्मकार्यास वीर निर्वाण संवत, दिवाळीच्या वहीपूजनास विक्रम संवत, लग्नपत्रिकेवर शक आणि सरकारी हिशेबास १ एप्रिल ते ३१ मार्च. संस्थेचा सुवर्ण महोत्सव साजरा होतो तो या गणनांच्याच आधारे. परंतु ज्याचे हे सारे मोजमाप चालते तो काळ म्हणजे नेमके काय? ती स्वतंत्र वस्तू आहे, की वस्तूंच्या बदलांना दिलेले केवळ एक नाव? हा प्रश्न जितका दर्शनशास्त्राचा आहे, तितकाच तो आधुनिक भौतिकशास्त्राचाही आहे. गेल्या सुमारे साठ वर्षांत त्याने जगातील श्रेष्ठ गणितज्ञांना कोड्यात टाकले असून ‘काळाची समस्या’ या नावाने तो ओळखला जातो. या प्रश्नाच्या इतिहासात महाराष्ट्राच्या सुपुत्रांचा वाटा मोठा आहे. म्हणूनच त्याचा परिचय येथे उचित ठरावा.

घड्याळाची वेळ आणि सूर्याची वेळ

सामान्य माणूस घड्याळाच्या काट्यास काळ समजतो. वस्तुतः घड्याळाची वेळ हा एक सामाजिक करार आहे. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून सुरू झाली. ती ८२॥ अंश पूर्व रेखांशावर आधारलेली आहे. मुंबई शहराने मात्र ३९ मिनिटे मागे असलेली आपली जुनी वेळ पुढे कित्येक वर्षे सोडली नाही. बार्शीटाकळीचा रेखांश सुमारे ७७ अंश आहे. एका अंशास चार मिनिटे या हिशेबाने येथील सूर्य प्रमाणवेळेच्या सुमारे २२ मिनिटे मागे चालतो. मुंबईचा सूर्य आणखी सुमारे १७ मिनिटे मागे असतो.

व्रतस्थ जैन कुटुंबांना हा भेद कोणी शिकवावा लागत नाही. नवकारशीचे ४८ मिनिट सूर्योदयापासून मोजावयाचे असतात आणि सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपावयाचे असते. मुंबईत छापलेला सूर्योदय-सूर्यास्ताचा तक्ता वऱ्हाडात तसाच चालत नाही, हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक असते. काळ स्थानिक असतो ही गोष्ट या घरांतून रोज आचरली जाते. भौतिकशास्त्रास ती मान्य होण्यास मात्र विसावे शतक उजाडावे लागले, आणि तीही कितीतरी अधिक खोल अर्थाने.

न्यूटन आणि लाइब्निझ

१६८७ साली आयझॅक न्यूटन यांचा ‘प्रिन्सिपिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. गुरुत्वाकर्षणाचा नियम मांडताना न्यूटन यांनी काळाविषयी एक स्पष्ट भूमिका घेतली. जगात काही घडो वा न घडो, काळ आपल्या गतीने सर्वत्र सारखाच वाहत असतो. सूर्य, चंद्र, घड्याळे ही केवळ त्याची बाह्य मापे होत. काळ हा जणू जगाच्या बाहेर टांगलेल्या एका महाघड्याळाप्रमाणे आहे, अशी ही कल्पना होती.

जर्मन तत्त्वज्ञ लाइब्निझ यांना हे मान्य नव्हते. १७१५-१६ मध्ये न्यूटन यांचे अनुयायी क्लार्क यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात त्यांनी आक्षेप घेतला. घटनांशिवाय काळ नाही; घटनांचा आधी-नंतरचा क्रम म्हणजेच काळ, असे त्यांचे म्हणणे होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अर्न्स्ट माख यांनी हाच पक्ष पुढे नेला. वस्तूंचे बदल आपण काळाने मोजत नाही. एका वस्तूचा बदल दुसऱ्या वस्तूच्या बदलाशी ताडूनच काळाची कल्पना उभी करतो, असे त्यांनी प्रतिपादन केले.

आगमपरंपरेतील दोन मते

युरोपातील हा वाद वाचताना जैन वाचकास एका जुन्या चर्चेचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. जैन दर्शनात जीव, पुद्‌गल, धर्म, अधर्म, आकाश आणि काळ यांचा विचार द्रव्य म्हणून होतो. पहिली पाच अस्तिकाय आहेत, काळ मात्र अस्तिकाय नाही. परंतु काळ हे स्वतंत्र द्रव्य आहे काय, याविषयी परंपरेत एकमत नाही. तत्त्वार्थसूत्राच्या दिगंबर पाठात काळाची गणना सरळ द्रव्यांत केली आहे. श्वेतांबर पाठात तेच विधान ‘काहींच्या मते’ अशा सावध शब्दांसह येते. एका शब्दाच्या फरकात केवढा तात्त्विक मतभेद सामावलेला आहे!

दिगंबर आचार्यांच्या प्रतिपादनानुसार लोकाकाशाच्या प्रत्येक प्रदेशावर एकेक कालाणू स्थित आहे. हे कालाणू असंख्यात असून रत्नांच्या राशीप्रमाणे एकमेकांत न मिसळता राहतात. वस्तूंना बदलण्यास ते भाग पाडत नाहीत. ते केवळ निमित्त होतात. कुंभाराच्या चाकाखालील खुंटी चाकाला स्वतः फिरवीत नाही, पण तिच्या आधाराविना चाक फिरत नाही, तशीच काळाची ‘वर्तना’. श्वेतांबर परंपरेतील अनेक आचार्यांनी मात्र काळास जीव आणि अजीव यांचे पर्याय, म्हणजे त्यांच्या अवस्थांचे रूपांतर मानले. समय, आवली, मुहूर्त, दिवस, वर्ष हा व्यवहारकाळ तर सूर्य-चंद्र जेथे फिरतात त्या अडीच द्वीपांच्या मनुष्यक्षेत्रापुरताच सांगितला आहे. म्हणूनच त्या क्षेत्रास समयक्षेत्र असेही नाव आहे.

काळाचे मापही आगमपरंपरा अत्यंत सूक्ष्मतेने देते. एका मुहूर्तात ३७७३ उच्छ्वास सांगितले आहेत. काळाचा अविभाज्य अंश जो ‘समय’, त्याची व्याख्या मंदगतीने जाणारा पुद्‌गल परमाणू एका प्रदेशावरून लगतच्या प्रदेशावर जाण्यास जो अवकाश घेतो ती, अशी केली जाते. येथे लक्षणीय बाब ही की, काळास द्रव्य मानणाऱ्या आचार्यांनीही त्याचे माप गतीच्या द्वारेच दिले. निश्चय आणि व्यवहार यांतील हा विवेक पुढील इतिहास समजून घेण्यास उपयोगी पडेल.

कापड आणि गज

१९०५ साली अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी दाखवून दिले की, निरनिराळ्या गतीने जाणाऱ्या दोन निरीक्षकांचे ‘आता’ एकच असू शकत नाही. नोव्हेंबर १९१५ मध्ये त्यांनी व्यापक सापेक्षता सिद्धांत पूर्ण केला. गुरुत्वाकर्षण हे दोन वस्तूंमधील ओढीचे बल नसून अवकाश आणि काळ यांच्या एकत्रित पोताला आलेला बाक होय, अशी त्याची मूळ कल्पना. जेथे गुरुत्वाकर्षण अधिक, तेथे घड्याळ मंद चालते. १९६० साली हार्वर्ड विद्यापीठात पाउंड आणि रेब्का यांनी सुमारे २२॥ मीटर उंचीच्या मनोऱ्यात हा परिणाम प्रयोगाने पडताळला. उपग्रहाच्या साहाय्याने स्थान दाखविणाऱ्या जीपीएस यंत्रणेत तर हा रोजचा व्यवहार झाला आहे. तिच्या उपग्रहांवरील घड्याळे जमिनीवरील घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. ही दुरुस्ती केली नाही तर एका दिवसात स्थानाची चूक दहा किलोमीटरच्या घरात पोहोचेल. आज प्रत्येकाच्या हातात असलेला भ्रमणध्वनी अशा रीतीने आइन्स्टाइनच्या सिद्धांताची ग्वाही देत असतो.

या सिद्धांताचा तात्त्विक आशय कापडाच्या दृष्टांताने स्पष्ट होईल. व्यापारी लोखंडी गजाने कापड मोजतो. कापड आटेल, ताणले जाईल, परंतु गज तसाच राहतो. कारण तो कापडाच्या बाहेरचा आहे. न्यूटनचा काळ असा लोखंडी गज होता. आइन्स्टाइन यांनी सांगितले की, बाहेरचा गज अस्तित्वातच नाही. जगाच्या वस्त्राची लांबी मोजावयाची ती त्याच वस्त्राच्या पट्टीने, आणि वस्त्र आटले की पट्टीही आटते. काळ हा रंगभूमीचा पडदा न राहता नाटकातील एक पात्र झाला.

तारीख नसलेली कीर्द

याच सुमारास भौतिकशास्त्राची दुसरी शाखा वेगळ्या वाटेने चालली होती. १९२५-२६ मध्ये हायझेनबर्ग आणि श्रोडिंगर यांनी अणूच्या अंतरंगाचे शास्त्र, म्हणजे पुंजयामिकी अथवा क्वांटम सिद्धांत उभा केला. श्रोडिंगरचे समीकरण एखाद्या वस्तूची अवस्था काळानुसार कशी पालटते हे सांगते. येथे काळ पुन्हा न्यूटनप्रमाणेच बाहेरचा, निर्विकार गज आहे. आजच्या विद्युत उपकरणांपासून संगणकापर्यंत सारे याच शास्त्राचे फलित आहे. दोन्ही सिद्धांत आपापल्या क्षेत्रात यशस्वी असूनही काळाविषयीची त्यांची भूमिका परस्परविरोधी राहिली.

जेथे वस्तुमान प्रचंड आणि आकार अत्यल्प, अशा ठिकाणी दोन्ही सिद्धांत एकत्र लागू करावे लागतात. कृष्णविवराचा गाभा आणि विश्वाची अतिप्राचीन अवस्था ही त्याची उदाहरणे होत. हे एकत्रीकरण करण्यासाठी पॉल डिरॅक यांनी १९५८ मध्ये, तसेच आर्नोविट, डेझर आणि मिस्नर या त्रयीने १९५९ ते १९६२ या काळात आइन्स्टाइनच्या समीकरणांस नवे रूप दिले. त्यातून १९६७ साली ब्राइस डीविट यांनी एक समीकरण प्रसिद्ध केले. जॉन व्हीलर यांच्या प्रेरणेमुळे ते व्हीलर-डीविट समीकरण म्हणून ओळखले जाते. संपूर्ण विश्वाची पुंज-अवस्था सांगणाऱ्या या समीकरणात एक आश्चर्य दडले होते. त्यात काळ कोठेच नव्हता. समीकरणाची एक बाजू शून्य आणि विश्वाची अवस्था अचल!

लेखापालनाशी परिचित असलेल्यांना हे कोडे असे सांगता येईल. रोजकीर्दीत प्रत्येक नोंदीपुढे तारीख असते. समजा, एखाद्या पेढीच्या कीर्दीतील तारखांचा रकाना पुसला गेला आणि उरले ते एवढेच बंधन, की प्रत्येक पानावर जमा आणि नावे यांची वजाबाकी शून्य आली पाहिजे. सारी पाने जुळतात. पण कोणते पान आधीचे, कोणते नंतरचे, हे कोठेच लिहिलेले नाही. किंबहुना ‘आधी’ आणि ‘नंतर’ या शब्दांना त्या वहीत स्थानच उरलेले नाही. व्हीलर-डीविट समीकरण विश्वाची अशी वही दाखविते. आणि तरीही माणूस जन्मतो, वाढतो, वृद्ध होतो; मग हा बदल आला कोठून? हीच ती ‘काळाची समस्या’.

१९९२ च्या सुमारास लंडनचे ख्रिस आयशम आणि अमेरिकेतील यूटा विद्यापीठाचे कारेल कुखार्श या दोन विद्वानांनी तोपर्यंतच्या सर्व प्रयत्नांचा साक्षेपी आढावा घेतला. त्यांच्या विवेचनातून तीन पक्ष स्पष्ट होतात. पहिला पक्ष म्हणतो, पुंजसिद्धांत लावण्यापूर्वीच भूमितीत दडलेला काळ शोधून वेगळा काढावा. दुसरा म्हणतो, आधी समीकरण सोडवावे आणि मग त्या उत्तरातून काळ ओळखावा. तिसरा पक्ष सर्वांत धीट आहे. काळ मूलभूत नाहीच. मुळाशी केवळ वस्तूंचे परस्परसंबंध आहेत आणि त्यांतूनच काळाचा व्यवहार उदयास येतो, असे तो मानतो.

तिसऱ्या पक्षाचे मर्मही वहीच्याच उपमेने कळते. तारखा पुसल्या गेल्या तरी चतुर लेखापाल हताश होत नाही. दुकानात तागे चाळीस होते तेव्हा रोकड किती होती, तीस राहिले तेव्हा किती, दहा राहिले तेव्हा किती, अशी दोन खाती तो एकमेकांशी ताडतो. ताग्यांचा आकडा हेच मग त्याचे घड्याळ बनते. १९८३ साली डॉन पेज आणि विल्यम वूटर्स यांनी हीच कल्पना गणिताने मांडली. संपूर्ण विश्व अचल असले, तरी त्याचा एक भाग घड्याळ मानला तर उरलेला भाग त्याच्या तुलनेत बदलताना दिसेल. २०१३ च्या सुमारास इटलीतील ट्यूरिन येथे प्रकाशाच्या दोन कणांवर या कल्पनेचे एक प्रात्यक्षिक करण्यात आले. ते उद्‌बोधक असले, तरी विश्वाचा काळ असाच उत्पन्न होतो याचा तो पुरावा नव्हे, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

कोल्हापूर ते केंब्रिज : नारळीकर पितापुत्र

गुरुत्वाकर्षणाच्या अभ्यासाची भारतातील परंपरा मोठी आहे, आणि तिचा एक प्रमुख झरा कोल्हापुरातून निघालेला आहे. विष्णू वासुदेव नारळीकर (१९०८-१९९१) हे केंब्रिजहून रँग्लर होऊन परतले आणि १९३२ साली बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे सापेक्षता सिद्धांताचा अभ्यास रुजला. गुजरातचे प्रल्हाद चुनीलाल वैद्य त्यांच्याकडे बनारसला गेले आणि १९४३ साली त्यांनी प्रकाश फेकणाऱ्या ताऱ्याच्या गुरुत्वाकर्षणाचे उत्तर शोधले. ते आज जगभर वैद्य यांच्या नावाने ओळखले जाते. पुढे नागपूर आणि अमरावती विद्यापीठांच्या गणित विभागांतूनही सापेक्षतेवर अनेक प्रबंध लिहिले गेले. त्यामुळे विदर्भाला हा विषय परका राहिलेला नाही.

विष्णुपंतांचे सुपुत्र डॉ. जयंत नारळीकर (१९ जुलै १९३८ - २० मे २०२५) यांचा काळाच्या प्रश्नाशी आलेला संबंध फारसा परिचित नाही. केंब्रिज येथे फ्रेड हॉइल यांचे विद्यार्थी असताना १९६२ ते १९६४ या काळात त्यांनी ‘काळाच्या बाणा’वर संशोधन केले. भौतिकशास्त्राचे बहुतेक मूलभूत नियम भूत आणि भविष्य यांत भेद करीत नाहीत. तरीही दिव्याचा प्रकाश दिव्यातून बाहेर पडतो, बाहेरून येऊन दिव्यात शिरत नाही, असे का? व्हीलर आणि फाइनमन यांच्या कल्पनेचा आधार घेऊन हॉइल-नारळीकर यांनी दाखविले की, याचे उत्तर दूरच्या विश्वाच्या रचनेत असू शकते. घरातल्या दिव्याचे वर्तन संपूर्ण विश्वाच्या घडणीवर अवलंबून आहे, असा हा विचार होता. १९६४ साली त्यांनी मांडलेला गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांतही माख यांच्या विचाराशी नाते सांगणारा होता. एका कणाचे वस्तुमान हे विश्वातील इतर सर्व कणांच्या संबंधातून येते, असे त्यात प्रतिपादन होते. १९६५ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी त्यांना पद्मभूषण प्राप्त झाले.

हॉइल आणि नारळीकर हे विश्वास आदी नाही या मताचे होते. १९६५ साली विश्वातील सूक्ष्मलहरी प्रारणाचा शोध जाहीर झाल्यावर बहुसंख्य शास्त्रज्ञांनी महास्फोटाचा पक्ष स्वीकारला. नारळीकरांनी मात्र १९९३ नंतरही, आकुंचन-प्रसरणाची आवर्तने मानणारा आपला पर्यायी सिद्धांत सोडला नाही. प्रवाहाविरुद्ध उभे राहतानाही ते विरोधकांच्या निरीक्षणांना आकड्यांनीच उत्तर देत. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या ‘आयुका’ या संस्थेचे संस्थापक संचालक म्हणून त्यांनी देशभरातील महाविद्यालयीन शिक्षकांना खगोलशास्त्राची दारे उघडी केली. त्या संस्थेत त्यांचे मत न मानणाऱ्यांनाही मुक्त वाव होता. अनेकांताचा हा एक आधुनिक आदर्शच म्हणावा लागेल.

अभय अष्टेकर आणि पुंजधाग्यांचे विणकाम

काळाच्या समस्येच्या थेट गाभ्याशी ज्यांचे नाव जोडले गेले ते डॉ. अभय अष्टेकर हेही महाराष्ट्राचेच. त्यांचा जन्म ५ जुलै १९४९ रोजी झाला. भारतात पदवी घेऊन ते अमेरिकेस गेले आणि १९७४ साली शिकागो विद्यापीठात त्यांनी डॉक्टरेट मिळविली. आइन्स्टाइनची समीकरणे पुंजसिद्धांताच्या चौकटीत बसविताना इतकी क्लिष्ट होत, की पुढे वाटच सापडत नसे. १९८६ साली, सिराक्यूज विद्यापीठात असताना अष्टेकरांनी ती समीकरणे नव्या चलराशींमध्ये लिहून दाखविली आणि त्यांचे रूप आश्चर्यकारकरीत्या सोपे झाले. जगभरच्या ग्रंथांत या राशी ‘अष्टेकर चल’ म्हणून ओळखल्या जातात. कार्लो रोव्हेली आणि ली स्मोलिन यांनी त्यांच्या पायावर जे काम उभारले त्यातून ‘लूप क्वांटम ग्रॅव्हिटी’ हा सिद्धांत विकसित झाला. १९९३ पासून अष्टेकरांनी पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात या विषयाचे मोठे केंद्र घडविले. २०१८ साली अमेरिकन फिजिकल सोसायटीने त्यांना आइन्स्टाइन पारितोषिक दिले.

या सिद्धांताचे सार कापड-व्यवसायातील मंडळींना चटकन उमजेल. दुरून पाहिले असता तलम मलमल अखंड भासते, परंतु भिंग लावले की ताणा-बाणा आणि मधली रिकामी जागा दिसू लागते. अवकाशही असाच असावा. १९९२ साली अष्टेकर, रोव्हेली आणि स्मोलिन यांनी लिहिलेल्या निबंधाच्या शीर्षकातच पुंजधाग्यांनी भूमिती विणण्याची उपमा आहे. हे धागे सेंटिमीटरच्या एकावर तेहतीस शून्ये इतक्या भागांपैकी एका भागाच्या प्रमाणातले. त्याहून बारीक अवकाशाला अर्थच उरत नाही.

आणि काळाचे काय? २००६ साली अष्टेकर, टोमाझ पाव्लोव्स्की आणि परमप्रीत सिंग या तिघांनी विश्वाच्या प्रारंभाचा प्रश्न हाती घेतला. समीकरणात बाहेरचा काळ नव्हता. म्हणून त्यांनी विश्वातीलच एका सरळ क्षेत्रास घड्याळ मानले आणि त्याच्या तुलनेत विश्वाचा आकार कसा पालटतो हे गणिले. तागे मोजून रोकडीचा क्रम लावणाऱ्या लेखापालाचीच ही रीत. उत्तर असे आले की, मागे मागे जाताना विश्व बिंदूवत होऊन संपत नाही. घनता एका कमाल मर्यादेस पोहोचते, गुरुत्वाकर्षण जणू ढकलू लागते आणि त्यापलीकडे आकुंचन पावणारे पूर्वीचे विश्व असते. महास्फोटाच्या जागी ‘महा-उसळी’ आली.

हे गणित सरळ केलेल्या, म्हणजे सर्व दिशांना सारख्या अशा विश्वाच्या प्रतिरूपावर आधारलेले आहे. आकाशाच्या निरीक्षणातून त्याचा निर्णायक पुरावा अद्याप लाभलेला नाही. शिवाय, घड्याळ म्हणून दुसरे क्षेत्र निवडले तर उत्तर तेच येईल काय, हा आयशम-कुखार्श यांनी उपस्थित केलेला आक्षेप अजून पूर्णपणे मिटलेला नाही. काळाची समस्या सुटली, असे कोणताही जबाबदार शास्त्रज्ञ म्हणत नाही.

जवळच्या जिल्ह्यातील प्रयोगशाळा

दूरदेशीच्या वाटणाऱ्या या शास्त्राचे एक दार बार्शीटाकळीच्या शेजारीच उघडत आहे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगो वेधशाळांनी दोन कृष्णविवरांच्या मीलनातून निघालेल्या गुरुत्वीय लहरी प्रथम टिपल्या आणि ११ फेब्रुवारी २०१६ रोजी ते जाहीर झाले. सुमारे एक अब्ज तीस कोटी वर्षांपूर्वी निघालेल्या त्या लहरींचा येथील ठोका सेकंदाच्या पाचव्या हिश्शाएवढाच होता. असा क्षीण संकेत गोंगाटातून निवडून काढण्याच्या पद्धती विकसित करण्यात आयुकाचे डॉ. संजीव धुरंधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा महत्त्वाचा वाटा आहे. अशाच प्रकारची वेधशाळा भारतात उभारण्यासाठी हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्याची निवड झाली. केंद्र शासनाने २०१६ मध्ये तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपयांच्या खर्चासह पूर्ण मंजुरी दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची ही ‘लायगो-इंडिया’ वेधशाळा अणूच्या गाभ्याहूनही कितीतरी सूक्ष्म हालचाल मोजण्यासाठी आहे.

अकोल्याहून पूर्णेकडे जाणारा लोहमार्ग बार्शीटाकळीवरून वाशीम आणि हिंगोलीस जातो. ज्या गाडीने गावातील मंडळी नातेवाइकांकडे जातात, त्याच गाडीने उद्याचा एखादा विद्यार्थी अवकाश-कालाच्या वस्त्राची थरथर मोजावयास जाऊ शकेल. त्यास लागेल ते गणिताची आवड आणि घरच्यांचे प्रोत्साहन. व्यापारी कुटुंबांतील बुद्धिमान मुला-मुलींना मूलभूत विज्ञानाची वाट धरण्यास संमती देणे, हे समाजाने अंगीकारावयाचे कार्य आहे.

साम्य आणि ऐक्य

हा इतिहास वाचल्यावर, हे सारे आमच्या आगमांत होतेच, असे म्हणण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. काळास द्रव्य न मानता पर्याय मानणारा पक्ष आणि आधुनिक संबंधवादी पक्ष यांत साम्य निश्चित आहे. प्रत्येक प्रदेशावर स्वतंत्र कालाणू मानणारी कल्पना न्यूटनच्या एकमेव सर्वव्यापी काळापेक्षा वेगळी आहे, हेही खरे. परंतु साम्य म्हणजे ऐक्य नव्हे. महा-उसळीची तुलना पुष्कळदा उत्सर्पिणी-अवसर्पिणीशी केली जाते. ती शास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही आणि आगमांच्याही नाही. कारण हे कालचक्र आगमांनी भरत आणि ऐरावत क्षेत्रांपुरते सांगितले आहे, संपूर्ण लोकाचा संकोच-विस्तार त्यात अभिप्रेत नाही. आचार्यांचे प्रयोजन जीवाच्या कल्याणाचे होते, दुर्बिणीच्या निरीक्षणांचा मेळ घालण्याचे नव्हे. विज्ञानाच्या प्रमाणपत्रावाचून आगमांचे मोल कमी होत नाही. उलट, आज जे प्रमाणपत्र मिळाले असे वाटते ते उद्याच्या प्रयोगाने रद्द झाले, तर श्रद्धेसही उगाच धक्का बसतो.

खरा बोध निराळा आहे. काळ द्रव्य आहे की नाही, या प्रश्नावर दोन परंपरांनी शतकानुशतके मतभेद ठेवला. तरी दोघांनीही एकाच ग्रंथास आदराने मस्तकी धरले. विरुद्ध मताची नोंद ‘काहींच्या मते’ अशा शब्दांत करणे, हीच बौद्धिक अहिंसा होय. आधुनिक भौतिकशास्त्रही काळाच्या समस्येपुढे आज त्याच विनयाने उभे आहे. तीन पक्ष आहेत, प्रत्येकाजवळ सत्याचा अंश आहे आणि अंतिम निर्णय बाकी आहे.

निश्चयनयाने काळाचे स्वरूप कोणतेही ठरो, व्यवहारनयाने मुहूर्ताचे ४८ मिनिट प्रत्येकास मोजकेच मिळतात. ते स्वाध्यायात, सेवेत आणि सत्याच्या शोधात लागावेत, हीच सुवर्ण महोत्सवी वर्षानिमित्त सदिच्छा.